क्रेनला दिलेलं आवतण

माझं डोकं लवकर फिरतं, हे आधीच सांगून टाकतो. घरात सगळ्यांना ठाऊक आहे, यार्डात तर चहा आणणाऱ्यालाही ठाऊक होतं. पण त्या क्रेनपुढे मी कधी आवाज चढवला नाही. तिच्या पायाशी काम करताना मी आपोआप हळू बोलायचो, देवळात बोलतो तसं. काऊन, ते तेव्हाही सांगता आलं नसतं आणि आताही नीट येत नाही.

आदिलाबादजवळ, मावला गावाच्या पुढे, हायवेला लागून, पुलाचे गर्डर ओतायचं यार्ड आहे. गर्डर म्हणजे पुलाखाली घालायच्या सिमेंटच्या लांबलचक तुळया. त्या उचलायला मालकांनी कुठल्याशा बंदरावरची जुनी क्रेन विकत घेतली. दोन रुळांवर चार पायांनी उभी, वर आडवी तुळई, आणि तुळईच्या कडेला काचेची केबिन. त्या केबिनमध्ये माझा दादा बसतो, माझा सख्खा मोठा भाऊ. आणि खाली मी. आम्ही दोघं बेल्याकडचे, कापूस आणि ज्वारीतले. दादानं आधी ट्रॅक्टर चालवला, मग जेसीबी, मग हे. मी वायरमनचं काम शिकलो. एकाच यार्डात लागलो तेव्हा घरच्यांना आनंद झाला, की दोघं एकमेकांना धरून राहतील.

क्रेनला वीज लागते आणि क्रेन तर रुळावरून मागेपुढे चालते. म्हणून तिच्यासोबत तिची केबल चालते. केबलचं एक टोक यार्डाच्या पश्चिमेला, जमिनीवरच्या पॅनलजवळ खांबाला पक्कं बांधलेलं. दुसरं टोक क्रेनच्या पायावर बसवलेल्या मोठ्या रिळावर. क्रेन पुढे गेली की रीळ केबल सोडतं, मागे आली की गुंडाळून घेतं. मनगटाएवढी जाड, काळी केबल. बंदरावर ऊन, खारं वारं, वाळू सगळं सोसेल अशी बनवलेली. आमच्या काळ्या मातीचा मात्र तिला अनुभव नव्हता. ही माती ओली असली की चिकटते आणि वाळली की कानसेसारखी घासते. म्हणून मी रोज सकाळी ती केबल ओल्या फडक्यानं पुसून काढायचो, हातात धरून तिच्यावरून पुढे पुढे जायचो. कुठं चिरली का, कुठं पीळ पडला का, ते डोळ्यांपेक्षा तळहाताला आधी कळतं. सगळे हसायचे. "बायकोचे पाय तरी कधी असे चेपले काय बे?" म्हणायचे. मी शिवी द्यायचो आणि पुसत राहायचो.

कारण गंमत कोणाची होती आणि जीव कोणाचा होता, ते मला माहीत होतं. केबल तुटली की क्रेन आहे तिथं मेली. दादा वर. खाली गर्डर लटकलेला. माझी वहिनी गावाकडून फोन करायची तेव्हा दादाशी दोन शब्द बोलायची आणि मग म्हणायची, भाऊजींना द्या. मला म्हणायची, "भाऊजी, खाली तुमी हा, म्हून मी ह्यायले वर जाऊ देते." दरवेळी तेच वाक्य. मला ते ओझ्यासारखं वाटायचं आणि नाही म्हटलं तरी बरंही वाटायचं.

आता त्या क्रेनचं सांगतो.

ती आली मे महिन्यात, ट्रेलरवर, तुकड्यातुकड्यांनी. आदिलाबादचा मे. लोखंडाला बोट लावलं की फोड यायचा. रिळाचं झाकण उघडायला मी बसलो. बोल्ट गंजून धरलेले. घणानं ठोकून ठोकून झाकण सुटलं आणि आतून माझ्या पायावर वाळू पडली. ओली वाळू. थंडगार. दादा बाजूलाच होता. त्यानं चिमूटभर उचलून जिभेला लावली आणि थुंकली. "खारी हाय बे," म्हणाला. आम्ही पैनगंगेची वाळू पाहिलेली माणसं. एवढ्या लांबच्या प्रवासात, एवढ्या उन्हात वाळू ओली कशी राहिली, ते मी साहेबांना विचारलं. साहेब म्हणजे साइटचे इंजिनिअर. ते समुद्राकाठच्या गावचे, घरी तेलुगू बोलणारे, आमच्याशी हिंदीत बोलायचे. म्हणाले, "सील अच्छा है, पानी अंदर रह गया." असेल बापा. मी ती वाळू फावड्यानं ओढून कुंपणाबाहेर टाकली. दुसऱ्या दिवशी तिच्यावर मिठाची पांढरी साय आली होती.

क्रेन उभी राहिली, चालू झाली, आणि मग ते सुरू झालं.

संध्याकाळी काम संपलं की क्रेन ठरल्या जागी उभी करायची आणि रुळाला घट्ट धरणारे लोखंडी चिमटे तिच्या पायांना लावायचे, असा नियम. ते मी स्वतः लावायचो. चाक कुठं आहे त्याची खडूनं रुळावर खूण करायचो. सकाळी यावं तर चाक खुणेच्या पुढे. फार नाही, चार बोटं. चिमटे तसेच आवळलेले. आणि केबल ताणलेली, दाव्याला ओढ देऊन उभ्या गाईसारखी. दरवेळी पूर्वेकडे. पश्चिमेकडे एकदाही नाही.

मी साहेबांना दाखवलं. साहेबांनी रूळ तपासायला माणसं आणली, रूळ सरळ केले, खाली खडी भरली. पुन्हा चार बोटं. मी चिमटे बदलले. पुन्हा चार बोटं. वैताग आला. मी खडू फेकून दिला आणि ओरडलो, "काय हाय बे पूर्वेले? कोन बसलं हाय तिकडे तुह्यं?" पूर्वेला रूळ संपत होते, तिथं लोखंडी ठोकळे लावलेले, त्यापुढे तारेचं कुंपण आणि कुंपणापलीकडे कामगारांच्या पत्र्याच्या खोल्या, स्वयंपाकाची चूल. बाकी काही नाही. सगळ्यांचा स्वयंपाक करणारी मावशी चुलीजवळून म्हणाली, "घर असन तिचं तिकडं. कायले खेकसते तिच्यावर?" मावशी सीमेकडच्याच गावची, नवरा-मुलगा कोणी नसलेली. क्रेन पांढऱ्या रंगाची म्हणून ती तिला ढवळा म्हणायची. क्रेन बाई की बैल, ह्यावर तिच्याशी वाद घालून उपयोग नव्हता.

साहेबांनी मात्र पूर्वेकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. त्यांचं समुद्राकाठचं गाव तिकडेच होतं.

दुसरी गोष्ट डब्ब्याची. क्रेनसोबत बंदरावरूनच एक बोलायचं यंत्र आलं होतं. एक डब्बा दादाच्या केबिनमध्ये, एक खाली माझ्या पॅनलजवळ. त्याच जाड केबलच्या पोटात दोन बारीक तारा होत्या, त्यांतून आमचं बोलणं वरखाली जायचं. मोबाइल केबिनमध्ये न्यायला साहेबांची मनाई होती. त्यामुळे डब्बाच. नियम असा, की क्रेन अचानक थांबली तर वरच्या माणसानं घाईनं उतरायचं नाही. खाली बघून होईपर्यंत जागेवर बसायचं. म्हणून क्रेन थांबली की मी डब्ब्याचं बटण दाबून म्हणायचो, "दादा, बसून राय. मी पायतो." दिवसातून कितीदा म्हणत असेन, देव जाणे. झोपेतही म्हणालो असेन.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघं पॅनलच्या सावलीत भाकरी खात बसलो होतो. यार्ड रिकामं. ऊन असं की रुळांकडे बघवत नव्हतं. आणि डब्बा बोलायला लागला. खरखर नव्हती ती. पाणी होतं. मोठं पाणी दूरवरून यावं, जवळ येऊन पडावं आणि ओढल्यासारखं मागे जावं. पुन्हा यावं. त्या पाण्यामध्ये कोणीतरी श्वास घेत होतं, माणूस बोलायच्या आधी घेतो तसा. दादाचा घास हातातच राहिला. त्यानं केबिनकडे पाहिलं. केबिन रिकामी, दार उघडं, हलत होतं. "मी तं इथं हावो," दादा म्हणाला. हळूच म्हणाला, जणू स्वतःचीच खात्री करून घेत होता.

मी साहेबांना बोलावून आणलं. त्यांनी कान लावला. गोरा माणूस तो, पण तोंड आणखी पांढरं पडलं. "समुद्रम्," एवढंच म्हणाले. मग भानावर येऊन आमच्याकडे बघून म्हणाले, "वायर पुराना है, कुछ भी पकड़ता है. वो डब्बा निकाल दो. मैं वॉकीटॉकी मँगवाता हूँ."

दादा ऐकेना. "राहू द्या साहेब," म्हणाला. नंतर मला एकट्याला म्हणाला, "वर एकट्याले बरं वाटते रे. तू नसला तरी कोनी बोलल्यावानी वाटते." "कोन बोलते?" मी विचारलं. तो हसला, पाठीवर थाप मारली आणि शिडी चढून गेला. त्याच दिवशी मी ठरवलं, की डब्बा बंद करायचा. दादाशी वाद घालायचा नाही, गुपचूप करायचा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी ते केलं. पॅनल उघडून त्या दोन बारीक तारा सोडवल्या, टोकांना टेप गुंडाळली, आणि त्यांचे दोन पितळी स्क्रू शर्टाच्या खिशात टाकले. दुसऱ्या दिवशी काम नव्हतंच, आणि पोळा झाला की वॉकीटॉकी येणार होते, तेव्हा दादाला सांगू म्हटलं. मग मी रिळातून वीज पुढे नेणारे कार्बनचे तुकडे आणायला गावात गेलो. पोळ्याचा बाजार भरलेला, झुली, घुंगरं, बेगड. मला यायला संध्याकाळ झाली.

येऊन बघतो तर क्रेनच्या चारही पायांची चाकं पिवळी!

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकतात. वर्षभर जू ओढून सुजलेल्या खांद्याला हळद आणि तूप लावतात, पळसाच्या पानानं. आणि त्याच्या कानात सांगतात, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. यार्डातले सगळे आमच्याच भागातले, शेती करून आलेले. पोळा आला आणि दारात बैल नाही, हे त्यांना सोसवेना. मग मावशीनं ढवळ्याचं नाव काढलं. वजन उचलते, ओढते, दिवसभर राबते, मग बैल नाही तर काय? खांदे कुठले, ह्यावर वाद झाला म्हणे. शेवटी ठरलं, जिथं वजन येते ते खांदे. वजन चाकांवर येतं. तूप कुठून आणणार एवढ्याला, म्हणून सरकीच्या तेलाचा डब्बा फोडला, त्यात हळद कालवली आणि पळसाच्या पानांनी चारही पायांची चाकं माखून काढली. एका पायाला निर्मलच्या खेळण्यांतला लाकडी बैल बांधला. आणि मावशीनं चाकाशी तोंड नेऊन आवतण दिलं.

माझं डोकं सणकलं. "चाकाले तेल? अबे अकला गहाण ठेवल्या काय तुमी सगळ्यायनं?" मी ओरडलो. आणि रिळाजवळ जाऊन पाहतो तर केबललाही बोटभर हळद-तेल लावलेलं. तेलानं रबर फुगतं, सडतं. मी लेकरासारखी ती केबल साबणाच्या पाण्यानं धुतली. मग चाकं पुसली, अंधार पडेपर्यंत. दादा बाजूला उभा राहून हसत होता. मावशी मात्र तोंड फुगवून बसली होती. "आवतन देल्ल्यावर असं पुसते काय कोनी?" म्हणाली.

मी चाकं पुसली. रूळ पाहिले नाहीत. रुळांनाही कोणी तेल लावलं असेल, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं, पण आलं नाही.

पोळ्याच्या दिवशी दुपार कलली तेव्हा वहिनी गावाहून आली, पुरणाच्या पोळ्यांचा डबा घेऊन. चुलीवर मावशीच्या पोळ्या चालूच होत्या. साहेबही आले, कपाळाला गुलाल लावून घेतला. यार्डाच्या मधोमध दोन्ही रुळांवरून आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. गावात बैल तोरणाखालून जातात आणि मानाचा बैल तोरण तोडतो, तसं ढवळ्यानं तोरण तोडून पुढे जायचं आणि थांबायचं. एवढाच कार्यक्रम. दादा नवा सदरा घालून वर चढला. वहिनी मला म्हणाली, "भाऊजी, तुमी खालीच थांबा हं." मी म्हणालो, "मी कुठं जातो वयनी." मी चिमटे काढले.

दादानं भोंगा वाजवला. क्रेन चालायला लागली. रीळ नेहमीसारखं घुमत केबल सोडू लागलं. तोरण पायाला लागलं, ताणलं, तटकन तुटलं. सगळे ओरडले. कोणी थाळी वाजवली.

आणि पश्चिमेकडून वारा आला.

आभाळ कधी काळं झालं ते थाळीच्या नादात कोणाच्या लक्षात नव्हतं. पत्रे उडाल्यासारखे वाजले, धूळ उठली आणि लाइट गेली. रिळाच्या मोटरचा आवाज बंद पडला. वीज गेली की क्रेनचे ब्रेक आपोआप आवळतात, तशी तिची रचनाच असते. ते आवळल्याचा आवाज मी ऐकला, धाडकन. मला बरं वाटलं. आता थांबेल.

ती थांबली नाही.

मी चाकाकडे पाहिलं. चाक फिरत नव्हतं. जागच्या जागी आवळून बसलं होतं. आणि क्रेन चालत होती. माणूस निवांत चालतो त्या चालीनं, आवाज न करता, पूर्वेकडे. मी आयुष्यात बरंच पाहिलं, पण न फिरणाऱ्या चाकांवर एवढं मोठं लोखंड चालताना पाहिलं नव्हतं. मग मला तोरणापुढचे रूळ दिसले. पिवळे. थेट टोकापर्यंत, चुलीच्या दिशेनं, माखलेले.

"रुळाले काय लावलं बे?" मी किंचाळलो.

"वाट केली," मावशी म्हणाली. ती चुलीजवळून उठून कुंपणाशी आली होती. "जेवाले बोलावलं तं त्याची वाट नको करायले?"

बोलायला वेळच नव्हता. रिळावरून केबल सुटत होती. वारा क्रेनला ढकलत होता आणि केबल खांबापासून ओढली जात होती. रिळावर किती वेढे उरलेत ते मला न मोजता कळतं. शेवटचा वेढा सुटला की पुढे केबल नाही. मी दादाला हाका मारायला लागलो. "दादा, उतर! दादा, उतर खाली!" हातानं खुणा केल्या, उड्या मारल्या. वाऱ्यात माझा आवाज माझ्याच कानाला येत नव्हता. दादा केबिनच्या दारात आलेला दिसला. त्यानं एक पाय शिडीवर ठेवला. मी म्हटलं, सुटला! "उतर!" मी पुन्हा ओरडलो. आणि दादानं पाय मागे घेतला. आत गेला. दार ओढून घेतलं.

माझा धीर सुटला. मी त्याला शिव्या दिल्या, सख्ख्या भावाला, वहिनीच्या देखत. मग मिक्सरजवळचा वाळूचा ढीग दिसला आणि मी घमेलं उचललं. "वाळू टाका! चाकापुढं वाळू टाका!" सगळे धावले. काल ज्यांनी पळसाच्या पानांनी तेल लावलं तेच हात आता वाळू फेकत होते. साहेब पांढऱ्या सदऱ्यानिशी ओंजळीनं वाळू टाकत होते. चाकाखाली वाळू गेली की दात करकरावेत तसा आवाज व्हायचा, क्रेन जरा अडायची आणि पुन्हा निघायची. वहिनी डबा छातीशी धरून उभी होती. ती दादाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

मग केबल संपली. ताणली, कण्हल्यासारखी वाजली आणि रिळासकट निसटली. अर्धं रीळ पायापासून उखडून फिरलं आणि केबल चाबकासारखी सुटून शिडीवर आली. शिडी लोखंडाची, भोवती लोखंडाचाच पिंजरा. वरपासून खालपर्यंत ती दबून क्रेनच्या पायाला चिकटली, कोणी मुठीत धरून पिळावी तशी. त्या हिसक्यानं क्रेन अडखळली. वाळूत करकरत पुढे गेली, टोकाच्या ठोकळ्यांना टेकली आणि थांबली. तिची सावली कुंपणापलीकडे, बरोबर चुलीवर पडली.

पाऊस सुरू झाला. मावशीनं एक पोळी पानावर घेतली, कुंपणाच्या तारेखालून हात घालून चाकापुढे ठेवली आणि हात जोडले. "आली वो बाई जेवाले," म्हणाली. एरवी मी तिला काहीबाही बोललो असतो. पण माझे डोळे त्या शिडीवरून हलत नव्हते. शिडी रिळाच्या बाजूनंच उतरते. रोज दादा तिच्यावरूनच चढउतर करायचा. मी दादाला तिच्यावर बोलावत होतो. घसा फाटेपर्यंत बोलावत होतो. त्यानं ऐकलं असतं, तर त्या पिंजऱ्यात तो असता.

दुसऱ्या बाजूच्या पायाला जुन्या कड्या होत्या, त्या धरून दादा उतरला. चेहरा शांत होता. वहिनीनं त्याला धरलं आणि मग इतकी रडली की साहेबांनी तोंड फिरवलं. मी जवळ गेलो नाही. मला लाज वाटत होती आणि भीतीही, दोन्ही एकदम.

पाऊस थांबल्यावर सगळे जेवायला बसले. न जेवता कोणी राहील असा तो सण नाही. वहिनीनं मला पोळी वाढली, तूप सोडलं. दादा माझ्याशेजारी. त्यानं दोन घास खाल्ले आणि माझ्या मांडीवर हात ठेवला.

"बरं झालं बे तू बोलला," म्हणाला. "मी तं शिडीवर पाय ठेवलाच होता. खाली तू हात हालवून राह्यला होता, मले वाटलं, उतर म्हनते. तेवढ्यात डब्ब्यातून तुह्या आवाज आला. दादा, बसून राय, मी पायतो. मंग मी बसलो."

वहिनी वाढता वाढता थांबली. माझ्याकडे बघून हात जोडले, तिनं, मला. लाइट गेलेली होती. मी पॅनलपासून लांब, वाळूच्या ढिगावर होतो. आणि त्या दोन तारांचे पितळी स्क्रू तेव्हाही माझ्या खिशात होते. मी खिशावर हात ठेवला, ते हाताला लागले.

"हाव," मी म्हणालो. "मीच."

क्रेनला नवीन रीळ आलं, नवीन केबल आली, नवीन शिडी लागली. टोकाचे ठोकळे मोठे केले. पोळ्याला आता आम्ही तिला फक्त हार घालतो, आणि आवतण कोणी देत नाही. मावशी म्हणते, एकदा दिलेलं पुरते. चाक खुणेच्या पुढे सरकणं बंद झालं आहे. मी अजून रोज सकाळी खडूची खूण बघतो आणि केबल हातात धरून पुसत जातो. आता कोणी हसत नाही.

साहेबांनी दिलेला वॉकीटॉकी दादानं केबिनमध्ये खुंटीला टांगून ठेवला आहे. चालू करत नाही. बॅटरी भरायलाही खाली आणत नाही. डब्बाच बरा, म्हणतो, आवाज साफ येते. संध्याकाळी उतरल्यावर कधी म्हणतो, दुपारी तू सांगितलं तसंच केलं बरं का, थांबलो थोडा. मी हाव म्हणतो.

नव्या केबलमध्येही बोलायच्या त्या दोन तारा आहेत. मी त्या अजून जोडलेल्या नाहीत. आणि डब्बा बंद आहे, अशी तक्रार दादानं एकदाही केलेली नाही.